एपी की ड्युअल एन्रोलमेंट?
अमेरिकेतल्या एका पालकांनी विचारलंय की लेकीला अकरावीत एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच कॉलेजच्या पातळीचा विषय) घ्यायला लावू की कम्युनिटी कॉलेजचं (स्थानिक दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) ड्युअल एन्रोलमेंट, म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजचा कोर्स. आधी ती पुढे कुठे शिकणार याचा अंदाज घ्या. एपीत सगळी भिस्त मे महिन्यातल्या एका परीक्षेवर. स्कोअर १ ते ५, त्यात ३ म्हणजे पास म्हणायचं, पण क्रेडिट द्यायचं की नाही, म्हणजे तो विषय पदवीसाठी धरायचा की नाही, ते सहसा कॉलेजच्या हातात. इलिनॉयमधल्या सरकारी विद्यापीठांना ३ वर क्रेडिट द्यावंच लागतं, तसा कायदाच आहे. कॅलटेकमध्ये (कॅलिफोर्नियातलं खाजगी विद्यापीठ) ५ आणलेत तरी क्रेडिटच्या नावाने भोपळा!

ड्युअल एन्रोलमेंटमध्ये अख्ख्या सेमिस्टरची मेहनत धरली जाते आणि राज्यातल्या सरकारी कॉलेजांत ते क्रेडिट सहसा चालतं. वॉशिंग्टन राज्यात 'रनिंग स्टार्ट' या ड्युअल एन्रोलमेंटच्या योजनेखाली अकरावी-बारावीच्या मुलांना कॉलेजची ट्यूशन फी पडत नाही. पुस्तकं आणि ने-आण मात्र आपल्याच गळ्यात (आईबाप म्हणजे फुकटचे ड्रायव्हर, हे आलंच).

एक गोम आहे पण. एपीत २ पडले तर स्कोअर कॉलेजला पाठवायचाच नाही, विषय संपला. ड्युअल एन्रोलमेंटमध्ये 'सी' ग्रेड मिळाली तर ती कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) कायमची, मेडिकलला अर्ज करतानाही दाखवावी लागते. लेक डॉक्टर व्हायचं म्हणत असेल तर हे तिला आधीच सांगून ठेवा.