प्रति: टॉवर समोर, तरी घरात रेंज नाही

नकाशावर टॉवर दोनशे मीटरवर दिसतो, मग घरात नेट का रखडतं, असं तुम्ही विचारलंय. गिरगावातल्या आमच्या चाळीत मी हेच दोन वर्षं भोगलंय, म्हणून लिहितो.

आधी तो ठिपका कुठल्या नकाशावरचा आहे ते बघा. ओपनसेलआयडी या टॉवरांच्या खुल्या नकाशावर लोकांच्या फोनमधल्या नोंदींवरून जागेचा अंदाज काढतात. ठिपका सहज दोन गल्ल्या सोडून पडतो. दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' या टॉवरांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावरही शोधा. आणि लोखंडी मनोरा शोधत बसू नका, मुंबईत बऱ्याच अँटेना इमारतींच्या गच्चीवरच असतात. त्या उभ्या पट्ट्यांची तोंडं कुठे आहेत ते पाहा. सहसा तीन दिशांना तीन, प्रत्येकीच्या वाट्याला 120 अंश. आमच्या समोरच्या गच्चीवरच्या दोन्ही पट्ट्या रस्त्याकडे बघतात, आमच्याकडे पाठ!

फोनवरच्या काड्यांवर विसंबू नका, डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा, आकडा बघा; तो उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत फोर-जीला उणे 92, आतल्या खोलीत उणे 114. मध्ये फक्त एक जाड दगडी भिंत. 2300 मेगाहर्ट्झच्या लहरी तिथेच बऱ्याच अडतात, 900च्या त्यामानाने आत येतात. रात्री नऊला मात्र आकडा चांगला असूनही नेट हलत नाही, ती टॉवरवरची गर्दी.

कंपनीने माझी तक्रार दोनदा 'कव्हरेज उत्तम' म्हणून बंद केली. आईचा डॉक्टरांशी व्हिडिओ कॉल तुटत असताना हे वाचून फार संताप आला. तिसऱ्यांदा खोलीवार आकडे, वेळा आणि स्क्रीनशॉट जोडले, तेव्हा कुठे माणूस तपासायला आला. तुम्हीही आठवडाभर नोंदी ठेवा, सकाळच्या आणि रात्रीच्या दोन्ही.