मिथेनकारक मेले नव्हते, जोडी मोडली होती
गोबर गॅस थांबला म्हणजे मिथेन बनवणारे जीव मेले, असे अनेकदा म्हटले जाते; हे मत मला अर्धेच पटते. टाकीतले खाद्य कुजताना बनणारे प्रोपिऑनिक आम्ल फोडणारे जिवाणू हायड्रोजन सोडतात आणि मिथेनकारक आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) तो लगेच वापरून अत्यल्प ठेवतात, तेव्हाच त्या विघटनातून जिवाणूंना ऊर्जा मिळते. हायड्रोजन साचला की आम्ल तुंबते. ही सोबत इतकी घट्ट असते, की एकच जीव समजला गेलेला ‘मिथॅनोबॅसिलस ओमेलियान्स्की’ प्रत्यक्षात दोन जीवांची जोडी असल्याचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ब्रायंट व सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दाखवले.

अशीच जोडी आमच्याकडे मोडली असावी: सोलापूरजवळच्या आमच्या शेतावर लग्नातला उरलेला भात आणि जिलेबीचा पाक टाकीत एकदम ओतला, तेव्हा आंबट वास सुटून ज्योत विझली. खाद्य थांबवून थोडे चुन्याचे पाणी आणि शेजारच्या चालू टाकीतली मळी घातल्यावर ज्योत तीन आठवड्यांनी परतली.