पोरगी शेळ्या पाळते, कॉलेजच्या स्कॉलरशिपचा अर्ज कसा भरायचा? (फोर-एच / एफएफए, आयोवा)

सांगोलेकरीण

नमस्कार मंडळी. इथं बहुतेक जण डॅलस, न्यू जर्सी, बे एरियावाले आहेत हे माहीत आहे, तरी विचारते. आम्ही आयोवात राहतो, डी मॉइनपासून दीड तासावर, पाच हजार वस्तीच्या गावात. नवरा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. गावात मराठी घर आमचं एकच. पोहे करायचे तर डी मॉइनला जावं लागतं, यावरून काय ते समजा.

लेक बारावीला आहे. चौथीपासून फोर-एचमध्ये (मुलांनी प्रोजेक्ट करत शिकायची संघटना), नववीपासून शाळेच्या एफएफएमध्ये (शेती शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची संघटना). एफएफएचा तो निळा कॉर्डरॉयचा कोट घालून फिरते, ऑगस्टच्या उकाड्यातसुद्धा. प्रोजेक्ट म्हणून बोअर जातीचे खच्ची बोकड पाळते. आमचं घर गावात, जमीन म्हणाल तर अंगणाएवढी. बोकड गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात असतात. भाडं नाही, त्याऐवजी ही त्याचा सगळा गोठा झाडते. माझे वडील (बापू) सांगोल्याकडं आयुष्यभर शेळ्या पाळून आमची शिक्षणं करते झाले. त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "अमेरिकेत जाऊन शेळ्याच राखायच्या होत्या, तर हितं काय वाईट होतं?"

तर आता नोव्हेंबरच्या 1 तारखेला एफएफएच्या स्कॉलरशिपचा अर्ज उघडतो. त्यात प्रोजेक्टचा सगळा हिशेब मागतात. हिचं ऑनलाइन रेकॉर्ड बुक दोन वर्षं नीट आहे. पण गेल्या वर्षी अ‍ॅग म्हणजे शेती शिकवणारे शिक्षक जानेवारीत सोडून गेले, नवीन आले ऑगस्टमध्ये, आणि मधल्या काळात कुणी विचारलं नाही म्हणून हिनंही काही लिहिलं नाही. माझंही लक्ष नव्हतं, खोटं कशाला बोलू.

दुसरं म्हणजे पहिल्या वर्षी तोटा झाला. दोन बोकड 225 डॉलरला एक असे घेतले, खुराक 310, टॅग, औषधं वगैरे 60. जूनमध्ये एक मेला. दुसऱ्याचे काउंटी फेअरच्या (इथली जत्राच) लिलावात सगळे मिळून 500 आले. म्हणजे 320 डॉलर खड्ड्यात. पुढच्या वर्षी 350 आणि यंदा 560 सुटले. नवरा म्हणतो पहिलं वर्ष गाळून टाक, चांगलं तेवढं दाखव. लेक म्हणते नाही गाळणार. घरात दोन दिवस अबोला आहे.

आणि वर्गातल्या पोरांची तीनतीनशे एकर जमीन, स्वतःचे कंबाइन. त्यांच्यापुढं ही काय टिकणार? हिला शेतीही करायची नाही, फूड सायन्स शिकायचं आहे, एम्सला, आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीत. मग अर्ज करण्यात अर्थ आहे का?

फ्रिस्कोचा_बंड्या

ताई, राग मानू नका, पण हजार-दोन हजार डॉलरसाठी एवढी मेहनत? एसएटी चांगली द्यायला लावा, युनिव्हर्सिटीची मेरिट स्कॉलरशिप मिळाली की विषय संपला. बाकी बोकडाचा फोटो टाका.

मक्यातला_मराठी

बंड्याभाऊ, तुमच्याकडे एका शाळेत सहाशे सीनियर असतात. आमच्याकडे चाळीस. गावच्या को-ऑपची (शेतकऱ्यांची सहकारी संस्था) स्कॉलरशिप असते, फार्म ब्युरो या शेतकरी संघटनेची असते, फेअर बोर्डाची असते, कुणाच्या तरी आजोबांच्या नावाची असते, आणि अर्ज येतात पाच. कधी तीन. माझ्या मुलाला अशा चार मिळाल्या, मिळून 3,750. पुस्तकं आणि दोन वर्षांचं पेट्रोल निघालं.

सांगोलेकरीण ताई, आम्ही नेब्रास्कात. मुलाची डुकरं होती (आईला अजून सांगितलेलं नाही, ती समजते ससे होते). हे सगळं तीन वर्षांपूर्वी केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

राष्ट्रीय एफएफएचा अर्ज एकच असतो. तो एकदा भरला की त्यातल्या माहितीवरून मूल ज्या ज्या स्कॉलरशिपला बसतं तिथे तो आपोआप जातो. देणारे वेगवेगळे. कुणाला अमुक राज्यातलं मूल हवं असतं, कुणाला अमुक विषय, काहींना कोणताही विषय चालतो. फूड सायन्सची काळजी सोडा. एम्सला तो विभाग कृषी महाविद्यालय आणि ह्यूमन सायन्सेस मिळून चालवतात. अ‍ॅगमध्ये करिअर म्हणजे नांगरच धरायचा असं इथे कुणी समजत नाही. अर्ज जानेवारीत बंद होतो. शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, शिक्षकांकडूनही कामं असतात आणि ते नाताळच्या सुट्टीत सापडत नाहीत.

आता मेलेल्या बोकडाबद्दल. कशाने मेला? खच्ची बोकड, जूनचा महिना, फेअरसाठी अंगावर धरावा म्हणून भरपूर धान्य... मुतखडा होता का?

सांगोलेकरीण

हो! तुम्हाला कसं कळलं? दिवसभर नुसता कण्हत पाय ताणून उभा होता. आम्हाला वाटलं पोट फुगलं. डॉक्टर आले तोवर उशीर झाला होता.

मक्यातला_मराठी

वाटलंच. लहानपणी खच्ची केलेल्या बोकडाची मूत्रनळी अरुंद राहते. त्यात धान्याचा मारा झाला की फॉस्फरस वाढतो आणि खडे अडकतात. कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट लागतं. पाणी भरपूर प्यायला पाहिजे. खुराकात अमोनियम क्लोराइड असलेलं बरं. पुढच्या वर्षी तुमच्या लेकीने खुराक बदलला असणार, नाहीतर पाचसहा महिने सांभाळून 350 सुटले नसते.

ताई, हाच तुमचा अर्ज आहे. 320 चा तोटा, त्याचं कारण, मग खुराकाच्या पिशवीमागचं लेबल वाचायला शिकलेली मुलगी, आणि तिला शिकायचंय काय तर फूड सायन्स! हे पहिलं वर्ष गाळलं तर उरतं काय? तीन बोकड विकले, चार बोकड विकले. ते सगळेच लिहितात. तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं या बाबतीत लेकीचं ऐका.

अजून एक. ती कुठे नोकरी करते का?

सांगोलेकरीण

खुराक बदलला होता, बरोबर. पिशवी घेऊन डॉक्टरांकडं गेली होती, मला आता आठवतंय. मी म्हटलं होतं, मेलेल्याचं काय उकरत बसलीस.

नोकरी म्हणजे शनिवार-रविवार एका नर्सरीत जाते, रोपांना पाणी घालणं, कुंड्या भरणं. तासाला 11 डॉलर. मार्चपासून. ते कशाला विचारता, ती तर साधी खिशाला खर्च म्हणून केलेली नोकरी.

मक्यातला_मराठी

साधी नव्हे! तोही प्रोजेक्टच. स्वतःची जनावरं हा एक प्रकार, दुसऱ्याकडे शेतीशी संबंधित काम हा दुसरा. एफएफएच्या राज्य पदवीला (राज्य पातळीवरचा सन्मान) 1,000 डॉलर मिळवून ते नीट गुंतवलेले लागतात, किंवा वर्गाबाहेर 300 तास काम. आमच्या पोराचं तासांवरच भागलं. पण हे शिक्षकांच्या देखरेखीखालचं काम असावं लागतं, म्हणून नवीन शिक्षकांना आधी विचारा, कधीपासूनचे तास धरता येतील ते. स्वतःच ठरवून भरू नका.

पालवी

मी आयोवातच, तुमच्यापासून दोन काउंट्या सोडून. एक्स्टेन्शन ऑफिसच्या (युनिव्हर्सिटीचं काउंटीतलं मार्गदर्शन कार्यालय) फोर-एच स्कॉलरशिपच्या समितीवर सहा वर्षं स्वयंसेवक आहे. आमच्या मुली केव्हाच मोठ्या झाल्या, मी मात्र सुटले नाही.

रिकाम्या सात महिन्यांबद्दल सांगते. भरता येतात, पण आठवून नव्हे, कागदावरून. फीड स्टोअरला सांगा, वर्षाची बिलं छापून देतात. मे महिन्यात बोकडांची फोर-एचच्या ऑनलाइन यादीत नोंद केली असेल, कानातल्या टॅगच्या नंबरासकट, ती तारीख तिथे आहे. फेअरच्या लिलावाचा चेक बँकेत आहे. नर्सरीच्या पगाराच्या चिठ्ठ्या आहेत. जनावरांच्या काळजीचं वायक्यूसीए प्रमाणपत्र दर वर्षी घ्यावं लागतं, त्यावरही तारीख असते. फोनमधले फोटो तारखेने लावा, निम्मं वर्ष तिथेच सापडेल. आणि जे सापडत नाही ते सापडत नाही म्हणून लिहा. सात महिने रोज सकाळी साडेसहाला, रोज वीस मिनिटं अशा एकसारख्या नोंदी आल्या की आम्हाला हसू येतं. शाळा बुडवलेलं पोर सही करतं तसं दिसतं ते.

तीनशे एकरवाल्यांना घाबरू नका. कंबाइन त्या मुलाच्या वडिलांचं असतं आणि ते समितीलाही ठाऊक असतं, कारण समितीतल्या निम्म्यांनी ते त्यांना विकलेलं असतं. गोठा झाडण्याच्या बदल्यात जागा मिळवली, हे मात्र मी पहिल्या परिच्छेदात घालेन. अर्थात मी नाही, तिने घालायचं. निबंध तिलाच लिहू द्या. आपल्या लोकांचं इथेच चुकतं. दोन वर्षांपूर्वी एका मुलाचा निबंध आला, आपल्यापैकीच होता. भाषा इतकी गुळगुळीत की बोकड कुठे दिसेना. शेवटी जगाची भूक मिटवणार वगैरे. आम्ही मुलाखतीत विचारलं, तुझ्या बोकडाचं फेअरला वजन किती भरलं? त्याला सांगता येईना.

स्थानिक अर्ज वेगळे असतात, राष्ट्रीय अर्ज भरला म्हणून ते भरले जात नाहीत. शाळेच्या समुपदेशकाकडे यादी मिळेल, बहुतेक वसंत ऋतूतल्या तारखा. आयोवा फोर-एच फाउंडेशनचा वेगळा, युनिव्हर्सिटीचा वेगळा. फोर-एचच्या वर्षांचं कौतुक फक्त जनावरांपुरतं ठेवू नका. लहान मुलांना शिकवलं असेल, फेअरला पहाटे कोठारं धुतली असतील, तेही लिहा.

पैशाचं दोन वाक्यांत. बाहेरची स्कॉलरशिप आली की काही कॉलेजं आपली मदत तेवढी कमी करतात, म्हणून फायनान्शियल एड ऑफिसला आधीच विचारा. फी आणि पुस्तकांसाठी वापरलेल्या स्कॉलरशिपवर कर नसतो, खोली आणि जेवणावर खर्चली तर तेवढ्यावर लागतो. फॅफ्सा (कॉलेजसाठी सरकारी मदतीचा अर्ज) ऑक्टोबरमध्ये उघडला आहे, तो भरला नसेल तर आज भरा. बोकडांचे पैसे तिच्या नावावर असतील तर त्यातला 20 टक्के भाग तिथे धरला जातो, रक्कम लहान आहे, चिंता नको.

जाता जाता. फोर-एचच्या क्लोव्हरच्या पानाची सुरुवात आपल्याच आयोवातल्या एका शिक्षिकेने केली, जेसी फील्ड शॅम्बॉ, पेज काउंटीत, 1910 मध्ये. तेव्हा तीनच पानं होती, डोकं, हात, काळीज. चौथं आरोग्याचं मागून आलं. आणि तो निळा कोट ज्या संघटनेचा, त्या एफएफएने 1969 पर्यंत मुलींना सभासदच करून घेतलं नव्हतं. घालू द्या तिला ऑगस्टात.

फ्रिस्कोचा_बंड्या

माघार घेतो. बोकडाचा फोटो मात्र अजून आला नाही.

सांगोलेकरीण

सगळ्यांचे आभार. तीन आठवडे झाले, म्हणून कळवते. फीड स्टोअरच्या बाईंनी चौदा बिलं छापून दिली, वर एक टोपी. जानेवारी ते जुलैपैकी पाच महिने कागदावर बसले. मार्च-एप्रिलच्या मध्ये सहा आठवडे रिकामे आहेत, ते तसेच ठेवलेत. नर्सरीचे 212 तास नवीन शिक्षकांनी मान्य केले, आधीचे नाही म्हणाले. नवरा बोलायला लागला, पण "मी आधीच म्हणत होतो" अशा थाटात.

निबंध मला दाखवत नाही. पालवीताईंचं वाचल्यावर मीही मागितला नाही. एकदा टेबलावर उघडा होता तेव्हा पहिलं वाक्य दिसलं तेवढंच, "रफस जून महिन्यात मेला आणि चूक माझी होती." मला वाचवेना, मी चहा ठेवायला गेले.

तिन्ही वर्षांचा हिशेब मात्र तिनं बापूंना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्यांना इंग्रजी येत नाही, आकडे येतात. दुसऱ्या दिवशी पहाटे फोन. मला वाटलं काही कमीजास्त झालं. म्हणाले, "पोरीला दे." अर्धा तास दोघं खुराकावर बोलत होते, हिचं मराठी तोडकंमोडकं, त्यांना काय कळलं देव जाणे. शेवटी मला म्हणाले, "ही पेंड लई महाग घेती. तिला सांग, हिवाळ्यात शेवरी, सुबाभूळ लाव म्हणावं."

इथं बाहेर उणे आठ आहे.