मदत हवी आहे: फवारणीनंतर पायाला मुंग्या, अश्वगंधा द्यावी की ब्राह्मी?

पऱ्हाटीवाला:
दादाच्या पायाला मुंग्या येतात, तळवे बधिर झालेत. फवारणीचं विष नसांत उतरलं असं गावात सगळे म्हणतात. वनस्पतींच्या अर्कानं नसा वाचतात असं वाचलं. अश्वगंधा द्यायची की ब्राह्मी? चूर्ण की काढा, किती वेळा? लवकर सांगा, दुकानदार उद्या नागपूरला माल आणायला जातो, त्याला आजच सांगावं लागते.

सह्यवारा:
अश्वगंधाच. रात्री दुधातून एक चमचा. माझ्या सासऱ्यांना खूप फरक पडला.

गोदाकाठ:
सासऱ्यांना विषबाधा झाली होती का?

सह्यवारा:
नाही, अशक्तपणा होता. पण नसांचीच ताकद ना शेवटी.

माईची_रसोई:
हळदीइतकं काहीच नाही. सोबत मिरी हवीच, नुसती हळद अंगी लागत नाही.

फार्मसीताई:
दादांचं वय काय? औषध कोणतं मारलं, कधी? तेव्हा दवाखान्यात नेलं होतं का? शुगर, दारू? पायात ताकद आहे का?

पऱ्हाटीवाला:
ताई, मी फक्त प्रमाण विचारलं. फवारणी पोळ्याच्या आधीची, क्लोरपायरीफॉस आणि सायपरमेथ्रीन एकत्र असलेलं, पिवळ्या त्रिकोणाचं, म्हणजे जास्त विषारी. उलट्या, घाम, डोळ्याला अंधुक. भरती केलं, सुया दिल्या, बरा होऊन घरी आला. मुंग्या आत्ता सुरू झाल्या.

शेतीनिसर्ग:
मुळात हे विष मारायचंच कशाला? पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, पाणी घालून शंभर लिटर करा. पाच टक्के अर्क तयार. मावा, तुडतुडे आटोक्यात राहतात.

गोदाकाठ:
भाऊ, त्यांनी पिकाचं नाही, माणसाचं विचारलंय.

वऱ्हाडी_काका:
२०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं वीसच्या वर माणसं गेली. पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढलेली, त्यात चायनीज पंपाचा बारीक तुषार, सगळं तोंडावर. मजुराला हातमोजे कोणी देत नाही, कंपनी म्हणते चिठ्ठी वाचा. ती अक्षरं भिंग घेऊनही दिसत नाहीत!

सह्यवारा:
पण अश्वगंधेवर संशोधन आहे, ते का नाकारता?

फार्मसीताई:
नाकारत नाही. क्लोरपायरीफॉस दिलेल्या उंदरांवर हळदीतल्या कर्क्युमिनचे प्रयोग झालेत, प्रोपॉक्सर नावाचं दुसरं कीटकनाशक दिलेल्यांवर अश्वगंधेचे. मेंदूची हानी कमी दिसली. पण तिथे अर्क विषासोबतच चालू होता. इथे विष अंगात जाऊन आठवडे झालेत, आणि समोर माणूस आहे. त्यावरून दादांसाठी चमचा ठरवता येत नाही. अश्वगंधेनं काहींच्या यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. मिरीमुळे काही गोळ्यांचा अंमल वाढतो. दादांना घरी काय गोळ्या दिल्यात तेही आपल्याला माहीत नाही.

पऱ्हाटीवाला, तुम्ही सांगितलेला क्रम मला काळजीचा वाटतो. क्लोरपायरीफॉस ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं. या गटातल्या काही औषधांच्या मोठ्या विषबाधेनंतर माणूस बरा होतो आणि एक ते तीन आठवड्यांनी लांब नसा खराब होऊ लागतात. आधी पोटऱ्यांत गोळे, तळव्यांना मुंग्या, मग पंजा उचलत नाही. सायपरमेथ्रीननंही मुंग्या येतात, पण जिथं अंगावर सांडलं तिथं, आणि बहुधा दिवसभरात जातात. चालताना चप्पल निसटते का?

पऱ्हाटीवाला:
हो. उजव्या पायातली निसटते अन् त्याला कळतही नाही. पोटऱ्या आधीपासून दुखतात. वय ४१. शुगर कधी तपासली नाही, दारू नाही. दोन दिवसांपासून परत फवारणीला जातो, मजुरी बुडते म्हणून.

वऱ्हाडी_काका:
आधी पंप उतरवा त्याच्या पाठीवरून! बाकी मग.

फार्मसीताई:
काका बरोबर. फवारणी आजपासून बंद. फवारणीचे कपडे वेगळे धुवा. उद्याच मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांकडे न्या, ते नसतील तर मेडिसिन ओपीडीत. बाटली किंवा तिच्या चिठ्ठीचा फोटो आणि भरती असतानाचं डिस्चार्ज कार्ड न्या. शुगर आणि बी-१२ पण बघायला सांगा, बी-१२ कमी असेल तरी अशाच मुंग्या येतात आणि ते इंजेक्शननं भरून काढता येतं. नसांच्या या दुखण्यावर उतारा नाही. पण व्यायाम आणि पंजाला आधार देणारी पट्टी लवकर सुरू झाली तर पाऊल आखडत नाही. श्वास लागला, गिळताना अडलं किंवा मान उचलेना, तर उद्याची वाट न बघता रात्रीच न्या.

माईची_रसोई:
भाजीतली हळद तरी चालेल ना?

फार्मसीताई:
रोजच्या जेवणातली चालेल माई. कॅप्सूल नको.

पऱ्हाटीवाला:
दुकानदाराला नको सांगतो. उद्या पहिल्या गाडीनं नेतो. नसांच्या तपासणीत सुया टोचतात का? दादा सुईला भितो, ऐन वेळी परत फिरन.

फार्मसीताई:
आधी पायावर पट्ट्या लावून हलका करंट देतात, झटका लागल्यासारखं वाटतं, सहन होतं. काही वेळा नंतर स्नायूत बारीक सुई घालतात. तसं आधीच सांगून ठेवा, आणि सोबत तुम्ही आत थांबा.