मँगनीजच्या गाठी की गोटे?

दर्याकिनारा: समुद्रतळाच्या खनिजांवरचा लेख मराठीत आणतोय. वाक्य सरळ आहे: मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यात सुमारे ५,००० मीटर खोलीवर मँगनीज नोड्यूल (मँगनीज-लोहाच्या ऑक्साइडचे गोळे) पसरले आहेत. संपादकांनी ‘ग्रंथिका’ सुचवलंय. वाचणाऱ्याला आधी थायरॉईड आठवणार. ‘गाठी’ चालेल?

रानजाई: चालेल काय, तोच शब्द आहे. लॅटिनमधला ‘नोड्युलस’ म्हणजे बारकी गाठ. आपली गाठही ‘ग्रंथि’चीच, प्राकृतात ‘गंठि’ होऊन आलेली. ‘ग्रंथिका’ म्हणजे गाठीला सोवळं नेसवलंय. हरभऱ्याच्या मुळावरच्या नोड्यूलना आपण गाठीच म्हणतो ना?

खलबत्ता: मुळावरची गाठ आतून फुगते, ही बाहेरून चढते. मध्ये शार्कचा दात, प्युमिसचा (ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाचा) खडा किंवा फुटलेल्या जुन्या नोड्यूलची कपची, आणि तिच्याभोवती मँगनीज-लोहाच्या ऑक्साइडची पुटं. संक्रांतीच्या हलव्यात तिळावर पाक चढतो तसं. म्हणून ‘दाणा’ किंवा ‘गोटा’ म्हणा.

आडवाट: तसं तर मुतखडाही थराथरानेच वाढतो.

तळठाव: हलव्याची उपमा अर्धीच लागू पडते. तिथे पाक एक, इथे दोन. वरच्या अंगाला समुद्राच्या पाण्यातून पुट चढतं, दहा लाख वर्षांत १ ते १० मिलिमीटर. त्यात मँगनीज लोहाच्या अडीचपटीच्या आत राहतं आणि कोबाल्ट जास्त, कारण मँगनीज ऑक्साइडच्या पृष्ठावर कोबाल्टचं ऑक्सिडीकरण होऊन तो तिथेच अडकतो. खालचं अंग गाळात रुतलेलं. सेंद्रिय पदार्थ कुजताना गाळात विरघळलेलं मँगनीज फटींतल्या पाण्यातून वर येतं आणि तिथे जमतं. हे पुट कितीतरी वेगाने चढतं, मँगनीज लोहाच्या पाचपटीच्याही वर जातं, निकेल-तांबं भरपूर. म्हणून वरची बाजू गुळगुळीत, खालची खरखरीत. पहिल्याला ‘जलजन्य’ म्हणता येतं. दुसऱ्याला काय म्हणायचं?

रानजाई: ‘गाळजन्य’.

खलबत्ता: मग वाटेल गाळच घट्ट होऊन गोटा झाला. ‘गाळपाण्याचं पुट’ म्हणा. लांब आहे, पण खोटं नाही.

शुद्धमती: आणि ‘पॉलिमेटॅलिक’साठी ‘बहुधात्विक’ कृपया टाळा, ते हिंदीतून उचललेलं आहे. मराठीत ‘बहुधातू’ पुरे.

आडवाट: ‘धातू’ संस्कृतातून उचलला तेव्हा कोणी पावती फाडली नव्हती.

वजनकाटा: नावाने फारसं बिघडत नाही, ‘टन’ने बिघडतं. समुद्रतळावर चौरस मीटरला किती किलो, ते बहुधा ओल्या वजनात देतात. धातूंचे टक्के मात्र सुक्या वजनावर. ओल्या नोड्यूलमध्ये साधारण ३० टक्के पाणी असतं. १,००० किलो ओला माल म्हणजे ७०० किलो सुका. निकेल १.१ टक्के धरलं तर ७.७ किलो निघेल. पाणी वजा करायचं विसरलात की ११ किलो लिहून बसता. आणखी एक: ११० अंशांवर सुकवलेली पूड उघडी ठेवली तर हवेतली ओल परत ओढते. डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात, गार करा आणि लगेच तोला.

तळठाव: खनिजं ओळखायची असतील तर ती भट्टीत सुकवलेली पूड नको. नोड्यूलमधली दोन मँगनीज खनिजं घ्या: ब्यूसेराइटच्या थरांमधलं पाणी निघालं की थरांतलं अंतर १० अँगस्ट्रॉमवरून (अणूंच्या मापाचं एकक) ७ वर येतं, टोडोरोकाइट मात्र १० वरच राहतं. आधीच तापवलंत तर मुळात काय होतं ते क्ष-किरणांतून कळत नाही. आधी ओलसर पूड बघा, मग तापवून तीच परत बघा. छेद घ्यायचा तर नोड्यूल हवेवर हळूहळू वाळवा, इपॉक्सी मुरवा, मगच हिऱ्याचं पातं लावा. नाहीतर पापुद्रे सुटून हातात भुगा येतो.

आडवाट: २६ जानेवारी १९८१ ला भारताच्या ‘गवेषणी’ या संशोधन जहाजावर पहिले नमुने आले, तेव्हा गोव्यातल्या समुद्रविज्ञान संस्थेत त्यांना काय म्हणाले असतील?

शुद्धमती: नोड्यूलच. म्हणून ते मराठी होत नाही.

दर्याकिनारा: माझं वाक्य अजून तिथेच आहे. गाठी लिहू ना?

खलबत्ता: लिहा, पण ‘पसरले’ बदला. अर्ध्या रुतलेल्या असतात.

तळठाव: अर्ध्याच का, हाच तर वाद. त्या खोलीवर गाळ हजार वर्षांत काही मिलिमीटर साठतो, गाठ तेवढीच वाढायला दहा लाख वर्षं घेते. हिशेबाने कधीच गाडल्या जायला हव्या होत्या. कोणी म्हणतं तळावरचे जीव हलवून त्यांना वर ठेवतात, कोणी म्हणतं तळाचे प्रवाह गाळ टिकू देत नाहीत.

रानजाई: मग ‘रुतलेल्या’ की ‘तरलेल्या’?