१९९१ ची मियाटा: इंजिनच्या मागून तेल गळतंय, गिअरबॉक्स उतरवावा का? सल्ला हवा

लाल_रोडस्टर (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी १९९१ ची माझदा मियाटा घेतली. १.६ लिटरचं इंजिन, पाच गिअर, १ लाख १८ हजार मैल झालेली. पत्रा चांगला आहे, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं. पण रात्रभर उभी राहिली की खालच्या पुठ्ठ्यावर सकाळी रुपयाएवढे तीन-चार डाग असतात. उचलून पाहिलं, तर इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत तिथे, बेल हाउसिंगच्या खालच्या कडेला थेंब लोंबतोय. जवळच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. टॉर्च मारून दोन मिनिटांत निकाल मिळाला: क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, १,४०० डॉलर.

शिवाय सकाळी पहिल्यांदा क्लच दाबला की पेडल अर्ध्यापर्यंत पोकळ जातं. दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर पडतो. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा एकही कागद आधीच्या मालकाकडे नव्हता.

वडील सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेत. एसटीच्या वर्कशॉपमध्ये उभी नोकरी झाली त्यांची. त्यांना हे निदान पटलेलं नाही. "तेल खाली दिसतंय म्हणजे ते खालूनच येतंय कशावरून?" असं कालपासून चाललंय. पण या गाडीला त्यांचा हात कधी लागलेला नाही, आणि मी आजवर ऑईल आणि ब्रेक पॅडच्या पुढे गेलेलो नाही. सॉकेट सेट, टॉर्क रेंच, जॅक आणि चार स्टँड घरात आहेत. कुणी हे काम घरी केलं असेल तर कुठून सुरुवात करावी ते सांगा.

रिंगपाना (ह्यूस्टन)

तुमच्या वडिलांचं बरोबर आहे. गिअरबॉक्सला हात लावू नका.

या इंजिनात हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) मागच्या टोकाला, फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे तोंड करून, कॅम अँगल सेन्सर बसवलेला असतो. त्याला एक रबरी ओ-रिंग आहे. तीस वर्षं इंजिनच्या उष्णतेत राहून ती कडक होते आणि तेल सोडायला लागते. ते तेल हेडच्या पाठीवरून ओघळत बेल हाउसिंगवर उतरतं आणि तिथून खाली थेंब धरतं. खालून बघणाऱ्याला हुबेहूब मागचं सील गेल्यासारखं दिसतं. माझ्या १९९० च्या गाडीत हेच होतं. ओ-रिंगची किंमत चहा-बिस्किटाएवढी.

पण माझ्या सांगण्यावर रिंग मागवू नका, आधी बघा. इंजिन थंड असताना सेन्सरच्या खालच्या बाजूने बोट फिरवा. बोट काळं आणि ओलं आलं तर अर्धं उत्तर मिळालं. मग ब्रेक क्लीनर मारून हेडची पाठ, सेन्सरचा पाय आणि बेल हाउसिंगचा वरचा भाग स्वच्छ करा, कोरडं होऊ द्या, आणि त्यावर अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर भुरभुरवा. दहा-पंधरा मैल फिरून या आणि मोबाइल मागे सरकवून फोटो काढा. पांढऱ्या पावडरीत तेलाची वाट नदीच्या नकाशासारखी उमटते, ती जिथे सुरू होते तिथे गळती.

ती वाट सेन्सरच्याही वर, व्हॉल्व्ह कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून येताना दिसली तर कव्हरचं गॅस्केट बदला. तेही घरचंच काम आहे. नवं बसवताना कॅमच्या टोकांशी, जिथे गॅस्केट वळतं, तिथे सिलिकॉनचा छोटा ठिपका द्यायला विसरू नका.

कोल्हापुरी_गिअर (सॅन होजे)

रिंगपाना यांना दुजोरा. अजून एक तपासणी फुकटात होते. थेंब बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑईलला गंधकासारखा उग्र दर्प असतो, तो एकदा नाकात बसला की विसरत नाही. इंजिन ऑईलला तसा वास नसतो. आणि पातळ, बुळबुळीत, जवळपास बिनरंगी काही लागलं तर ते क्लचचं ऑईल. तुमची क्लचची तक्रार पाहता तेही त्याच भागात ठिबकत असणार. एकाच पुठ्ठ्यावर दोन वेगळ्या गळत्यांचे डाग असू शकतात.

क्लचबद्दल: पेडलचा दाब ऑईलमधून क्लचला देणारे दोन सिलिंडर असतात, त्यातला खालचा गेलाय, हे मी इथे बसून सांगतो. गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला आहे, दोन बोल्ट, बाराचा पाना. त्याची रबरी टोपी मागे सरकवा, आत ओलं असेल तर शंका उरली नाही. मात्र वरचा, पेडलकडचा सिलिंडरही त्याच वेळी बदला. मी पैसे वाचवायला फक्त खालचा बदलला होता. नवा सिलिंडर पूर्ण दाब द्यायला लागला आणि दोन महिन्यांत वरच्याचं जुनं रबर गेलं. परत ऑईलच्या नळीतली सगळी हवा काढा, परत तेच ऑईल, परत तोच शनिवार.

हवा काढताना एक जण पेडलवर, एक जण खाली. वडील आहेत तोवर करून घ्या. एकट्याने करायला फार त्रास होतो.

लाल_रोडस्टर

दोघांचेही मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं. पावडरची युक्ती त्यांना ठाऊक होती, ते डेपोत खडूची भुकटी वापरायचे म्हणे.

सेन्सर काढला तर टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) हलेल ना? आणि एके ठिकाणी वाचलं की १९९१ च्या गाड्यांचा क्रँकच खराब निघतो. ते वाचल्यापासून झोप उडाली आहे.

रिंगपाना

टायमिंग हलतं, कारण याच सेन्सरला फिरवून ते लावतात. म्हणून बोल्ट सैल करायच्या आधी सेन्सरच्या पायावर आणि हेडवर मिळून एक बारीक रेघ ओढा. तीक्ष्ण टोकाने ओढा, मार्करची रेघ तेलाने पुसली जाते. बोल्ट एकच आहे, बाराचा. तो खालच्या बाजूला आहे आणि हात वाकडा करूनच लागतो, चिडू नका. सेन्सर गोल हलवत मागे ओढा. सेन्सर बाहेर असताना इंजिन फिरवायचं नाही. जुनी रिंग काढून खाच कापडाने पुसा, नव्या रिंगला इंजिन ऑईलचं बोट लावा, आणि रेघेला रेघ जुळवून बसवा.

गाडी लगेच सुरू होईल, पण तेवढ्यावर सोडू नका. टायमिंग लाइट उसना मिळाला तर उत्तम. पार्ट्सच्या बऱ्याच दुकानांत अनामत ठेवून हत्यारं देतात. इंजिन गरम होऊ द्या, बॉनेटखाली डायग्नोसिसची छोटी डबी आहे तिच्यात टेन आणि ग्राउंड या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा, म्हणजे कॉम्प्युटर टायमिंगमध्ये ढवळाढवळ करत नाही. लाइटची चिमटी एक नंबरच्या प्लगच्या वायरला. आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) मिनिटाला ८५० फेऱ्यांच्या आसपास असताना पुलीवरची खूण १० अंशांवर आली पाहिजे. कंपनीचा आकडा तोच. बरेच लोक १४ पर्यंत पुढे घेतात, पण गाडी अजून तुमच्या हाताला नवी आहे, आधी १० वर लावून चालवा. शेवटी वायरचा तुकडा काढायचा.

कोल्हापुरी_गिअर

क्रँकचं मी सांगतो. १९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या १.६ इंजिनांत क्रँकचं पुढचं नाक आखूड होतं. पुलीचा मोठा बोल्ट नीट कसलेला नसेल तर पुली किंचित हलते, तिला जागेवर धरणारी लोखंडी पाचर (‘की’) आणि त्या पाचरीची खाच झिजते, टायमिंग भरकटतं आणि शेवटी क्रँक जातो. पुढे माझदाने नाक लांब केलं. तुमची कोणती आहे हे पाच मिनिटांत कळतं: पुढून पुलीच्या मधोमध, बोल्टभोवतीच्या खाचा मोजा. चार असतील तर आखूड, आठ असतील तर लांब.

चार निघाल्या तरी गाडी विकायला काढू नका. अशी हजारो इंजिनं आजही धावतायत. इंजिन चालू असताना पुली डुगडुगते का ते बाजूने बघा. सरळ फिरत असेल तर तो बोल्ट उगाच उघडू नका. कधी उघडावाच लागला तर नवा बोल्ट, नवी की आणि टॉर्क रेंच, अंदाजाने नाही.

टायमिंग बेल्ट दर ६०,००० मैलांना. कागद नाही म्हणजे बदललेला नाही असंच धरा. दिलासा एवढाच की या इंजिनात बेल्ट तुटला तरी पिस्टन व्हॉल्व्हवर आदळत नाही. गाडी रस्त्यात बंद पडेल, इंजिन फुटणार नाही. बेल्ट करताना पाण्याचा पंप आणि पुढची सीलं त्याच उघडझापीत उरका.

पुणेरी_पाना (पुणे)

माझ्याकडे ही गाडी नाही, कधी असेल असंही वाटत नाही, पण धागा शेवटपर्यंत वाचला. एक शंका. तीस वर्षांपूर्वीच्या गाडीचे पार्ट्स मिळतात तरी का? इथे पंधरा वर्षांच्या गाडीचं साधं दाराचं रबर शोधायला जुन्या बाजारात चार चकरा होतात. आणि बेल्टसारखं काम सवय नसलेल्या माणसाने घरी करावं का? मी तरी जाणत्या मेकॅनिककडे नेली असती.

रिंगपाना

पार्ट्सची अडचण नाही. १९८९ ते १९९७ या पहिल्या पिढीच्या चार लाखांवर गाड्या बनल्या, त्यामुळे बाहेरच्या कंपन्याही भरपूर माल बनवतात. २०१७ मध्ये खुद्द माझदाने जपानमध्ये या पिढीच्या गाड्या नव्यासारख्या करून द्यायची योजना जाहीर केली आणि बंद झालेले काही पार्ट्स पुन्हा बनवायला घेतले.

मेकॅनिकबद्दल असहमत नाही, पण जाणता मेकॅनिक म्हणजे ही गाडी जाणणारा. १,४०० डॉलर देऊन गिअरबॉक्स उतरवला असता, नवं सील बसलं असतं आणि आठवड्याने पुठ्ठ्यावर तेच डाग. आधी वर बघा, स्वस्त बघा, धुऊन बघा. त्यानंतरही वाट बेल हाउसिंगच्या आतूनच येताना दिसली, तर गिअरबॉक्स जरूर उतरवा, आणि तेव्हा क्लचप्लेटही त्याच वेळी बदला.

सातारकर (लेस्टर)

थोडं विषयांतर, पण जीव तोडून सांगतोय. इंजिनच्या नादात गाडीचा पत्रा विसरू नका. माझी इथली एमएक्स-५ (मियाटा हे नाव तुमच्याकडचं) दरवर्षीच्या एमओटी तपासणीत दोन्ही बाजूंच्या सिलसाठी (दाराखालच्या पोकळ पत्र्यासाठी) नापास झाली. वरून रंग झकास होता. मागच्या चाकाच्या पुढे पेचकसाचं टोक टेकवलं आणि ते बिस्किटात जावं तसं आत गेलं.

कारण काय, तर छपराचं पाणी वाहून नेणारी भोकं. सीटच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत, कापडी छप्पर जिथे बॉडीला मिळतं तिथे ती आहेत. नळी आतून खाली उतरून मागच्या चाकाच्या पुढे उघडते. पाला, धूळ आणि छपराचे धागे मिळून बूच बसतं, पाणी साठतं आणि सिल आतून कुजतं. तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठही टाकतात. गवत कापायच्या यंत्रातली जाड प्लास्टिकची दोरी हळूहळू आत घाला. तार घालू नका, नळी फाटते. मग पेलाभर पाणी ओता आणि खाली वाकून बघा. बाहेर आलेलं पाणी मोकळं धावलं पाहिजे, ठिबकून चालणार नाही.

दुसरं, मागचे ब्रेक पॅड. तुम्ही पॅड बदललेत म्हणता, पुढचे असावेत. मागच्या कॅलिपरचा पिस्टन शिकंजा लावून दाबायचा नाही, हँडब्रेकची यंत्रणा त्याच्या आत आहे. कॅलिपरच्या पाठीला चौदाचा एक बोल्ट आहे, तो काढला की आत चार मिलिमीटरची एलन की बसते. उलटी फिरवली की पिस्टन आत जातो. नवे पॅड बसवून सुलटी फिरवत डिस्कला टेकवायचा आणि एक तृतीयांश फेरा सैल सोडायचा. मी शिकंज्याने दाबला होता, कॅलिपर नवा घ्यावा लागला.

आणि जॅक. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) यांना जोडणारी लांब अॅल्युमिनियमची पट्टी खालून मजबूत दिसते, तिच्याखाली जॅक लावू नका. जॅक लावायचा तो पुढे क्रॉसमेंबरला (इंजिनखालच्या आडव्या तुळईला), मागे डिफरन्शियलच्या पोटाला. आणि स्टँड लावल्याशिवाय खाली डोकंसुद्धा घालायचं नाही.

लाल_रोडस्टर

दोन शनिवार गेले, आता सविस्तर सांगतो.

पावडर मारून वीस मैल फिरून आलो. फोटोत तेलाची रेघ सेन्सरच्या पायापासून निघून सरळ खाली गेलेली. व्हॉल्व्ह कव्हर कोरडं. बोल्ट लागायला पाऊण तास गेला. शेवटी बाबांनीच फेंडरवर गोधडी टाकली, त्यावर आडवे झाले आणि डाव्या हाताने, न बघता, सोडवला. जुनी रिंग गोल राहिलीच नव्हती, चौकोनी झाली होती. नखाने उचलली तर काडीसारखी कट्‌कन तुटली. तिचे दोन तुकडे बाबांनी रुमालात बांधून ठेवलेत, सांगलीला नेऊन मित्रांना दाखवणार आहेत.

रेघेवर बसवूनसुद्धा टायमिंग साधारण ८ अंशांवर होतं, म्हणजे आधीच मागे होतं. १० वर आणलं. चढावर फरक लगेच कळतो.

पुलीच्या खाचा आठ. तीन वेळा मोजल्या.

पाण्याची भोकं: उजवीकडचं मोकळं, डावीकडून मूठभर काळा चिखल आणि पाइनच्या सुया निघाल्या. सिल ठोकून पाहिलं, आवाज घट्ट येतोय. सातारकर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

पुठ्ठा नवा टाकलाय. सहा दिवसांत इंजिनकडचा एकही डाग नाही, उजव्या बाजूला मात्र एक लहान, पातळ, बिनरंगी डाग आहे. कोल्हापुरी_गिअर म्हणाले तेच. टोपीच्या आत ओलं होतं. दोन्ही सिलिंडर मागवलेत, बुधवारी येतील. बाबांचं विमान १९ तारखेला आहे, त्याआधीच्या शनिवारी ते पेडलवर बसतील आणि मी खाली. बेल्टचं सामान त्याच पार्सलमध्ये मागवावं का, की हवा काढून क्लच नीट झाला हे बघून मग?

कोल्हापुरी_गिअर

आत्ताच मागवा. क्लचला अर्धा दिवस पुरतो. रविवार बेल्टला ठेवा, वडील असताना.