मदत हवी आहे: खारघरच्या कारवान कुत्रीसाठी घर आणि डॉक्टर

खारघरच्या टेकडीजवळ सोडून दिलेली कारवान या शिकारी जातीची कुत्री, अंदाजे तीन वर्षांची, वजन जेमतेम १६ किलो. गोचीडतापावर डॉक्सिसायक्लिन (प्रतिजैविक) २८ दिवसांसाठी चालू आहे. खाणं दिवसातून चार वेळा, थोडं थोडंच.

नसबंदी वजन भरल्यावर. या जातीच्या अंगावर चरबी कमी, त्यामुळे थायोपेंटोनची भूल लवकर उतरत नाही, जिवावर बेतू शकतं. त्याऐवजी प्रोपोफॉल-आयसोफ्लुरेनची भूल वापरणारे, शिकारी कुत्र्यांचा अनुभव असलेले डॉक्टर ठाणे-नवी मुंबईत कोण आहेत?

घरात मांजर, कोंबड्या नकोत. कुंपण सहा फुटी हवं. मान डोक्याइतकीच जाड, साधा पट्टा मागे सरकताच निसटतो. मार्टिंगेल पट्टा (ओढ बसताच थोडा आवळणारा) आणि हार्नेस दोन्ही लागतील. फार मायाळू आहे हो, कृपया कळवा.